टाकीवरच्या हत्तीचा डोळा

मुख्तार पेंटर हा गरीब बिचारा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण गावाकडचा कलावंत म्हटलं की लोकांना लगेच एक मान खाली घातलेला, मळक्या सदऱ्यातला, बोलताना अडखळणारा बाबा दिसायला लागतो. त्याच्याकडं बघून कळवळा आला की त्यांना जेवण पचतं. तसला बाबा हवा असेल तर दुसरं दार बघा. मुख्तारभाईच्या सदऱ्याला कडक इस्त्री असते आणि जिभेला त्याहून कडक. फुलंब्रीच्या बाजारात कुणी त्याला नुसतं "ए पेंटर" म्हणून हाक मारली तर तो वळत नाही. "मुख्तारभाई" म्हटलं तर वळतो, पण सावकाश.

त्याचा धंदा लग्नाच्या भिंती रंगवण्याचा. ज्या घरी लग्न, त्या घराच्या दर्शनी भिंतीला आधी चुना, मग दारावर मोठ्या वळणदार अक्षरांत शुभविवाह, खाली नवरा-नवरीची नावं आणि दाराच्या दोन बाजूंना दोन हत्ती. पाठीवर लाल-हिरवी झूल, सोंडेत माळ, पायांत घुंगरू. फ्लेक्स आले आणि बाकीचे पेंटर रिक्षा चालवायला लागले, हा मात्र टिकला. का, तर त्याचंच उत्तर ऐका. "ताई, फ्लेक्स लग्न झालं की गोठ्यावर जातो. मपला हत्ती पोरगी बाळंतपणाला माहेरी येते तवा बी दारातच असतो."

आता त्याची रीत. दोन्ही हत्ती नखशिखांत पुरे करायचे, पण उजव्या हाताच्या हत्तीचा डोळा तेवढा काढायचा बाकी ठेवायचा. हळदीच्या सकाळी घरमालकानं चार माणसांत पुढं यायचं, मुख्तारभाईच्या खांद्यावर टॉवेल टाकायचा, डोक्यावर स्वतःच्या हातानं टोपी ठेवायची. मग हा काळ्या रंगाचा डबा उघडणार आणि डोळा काढणार. त्याच्या उस्तादानं घालून दिलेली ही चाल. मजुरीचा तिच्याशी संबंध नाही. मजुरी कुणी बुडवली तर हा दोन महिन्यांत विसरतो, टोपी बुडवली तर मेल्यावरही विसरणार नाही.

आणि ती पांढरी टोपी तो घालतो का? कधीच नाही. शुक्रवारी नमाजाला त्याची जाळीची टोपी वेगळी. लग्नाच्या टोप्या घरी लोखंडी पेटीत जातात. त्याची बायको अमिना टॉवेल तेवढे वापरून काढते आणि पेटीच्या नावानं बोटं मोडते. "घर में बैठने कू जगा नै, और इनके टोपियां राजे के माफिक पेटी में!" मुख्तारभाई शांतपणे म्हणतो, "टोपी घालायला नसती. टोपी मिळायला असती."

एकदा कन्नडकडच्या एका पाटलानं ही टोपी दिली नाही. म्हणाला, "मजुरी घेतली ना? मंग टोपी कशाची मागतो? तू काय आमचा सोयरा हायेस?" मुख्तारभाईनं ब्रश धुतले, पिशवी उचलली, निघाला. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं. नवऱ्याकडच्या बाया टेम्पोतून उतरल्या न उतरल्या तोच एकीनं भिंतीकडं बोट केलं. "अगं बया, हत्ती आंधळा! ह्यांच्याकडं मान राह्यला." मग मांडवात जे काही कमी पडलं, भाजी खारट झाली, पंगतीला पाणी उशिरा आलं, ते सगळं त्या हत्तीच्या खात्यात गेलं. त्या घराला आजही लोक आंधळ्या हत्तीवाले म्हणतात. सातबाऱ्यावर तेवढं चढायचं बाकी आहे.

थोडक्यात काय, तर फुलंब्री ते पिशोर या पट्ट्यात बिनडोळ्याचा हत्ती दिसला की शेंबडं पोरही सांगतं, हा मालक कंजूष आहे.

आता शहराकडं येऊ.

आमच्या शहराला अधूनमधून सुंदर होण्याचा झटका येतो. कुणी मोठा पाहुणा यायचा असला की दुभाजकात रातोरात झाडं उगवतात, आणि त्या झाडांना पाणी घालायला टँकर येतो. तोच टँकर आमच्या वस्तीला यायचा असला की रस्ता अरुंद असतो. यंदाच्या झटक्यात एक सुशोभन समिती निघाली आणि तिचे अध्यक्ष झाले काकासाहेब. हे काकासाहेब नेमके कशातून वर आले हे कुणाला सांगता येत नाही, पण ज्या समितीत ते नाहीत ती समिती भरल्यासारखी वाटत नाही. समितीनं ठरवलं की आपल्या मातीतल्या कलावंताचं काम भव्य करून दाखवायचं. इतकं भव्य की रस्त्यावरून जाणाऱ्याची मान दुखली पाहिजे. जागा निवडली आमची टाकी.

जळगाव रोडनं फुलंब्रीकडून शहरात शिरताना टेकडीवर एक पाण्याची टाकी दिसते. तिच्या पायाशी आमची वस्ती. टाकी बांधून झाली, तिला रंग झाला, नारळ फुटला, भाषणं झाली. पाणी तेवढं चढलं नाही. आम्ही मोर्चे काढले, हंडे फोडले. उत्तर मिळालं की काम प्रगतिपथावर आहे. मग एक दिवस दोर, झुले आणि रंगाची पिंपं घेऊन माणसं आली. आशाबाई, आमच्या गल्लीची म्होरकी, धावत माझ्याकडं आली, "ताई, आलं वाटतं पाणी!" पाणी कसलं, हत्ती आला होता.

तो आला कसा, ते सांगते. समितीनं पुण्याहून एक सल्लागार आणली होती, संस्कृती नावाची. पोरगी वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, राग काढता आला असता. हिच्याशी भांडायला जावं तर ही मान डोलवून "हो ना ताई, किती खरंय" म्हणायची. ती फुलंब्रीला गेली, एका लग्नघराच्या भिंतीवरच्या उजव्या हत्तीसमोर थबकली आणि फोटो काढत सुटली. मुख्तारभाई तिथंच रंगाचे डबे आवरत होता. त्यानं सांगितलं, "म्याडम, डोळा राह्यलाय बरं का. हळदीला उघडतो."

ती म्हणाली, "नको नको काका! असाच हवा. हा रिकामेपणाच तर बोलतोय."

तिथं मुख्तारभाईची चूक झाली, आणि अशी चूक करावी तर त्यानंच. तो मला पुढं सांगत होता, "मला वाटलं, शहरातली माणसं, पद्धत जाणून असतेल. हत्ती बिनडोळ्याचाच न्यायचा, टाकीवर चढवायचा, मंग मानपान करून मला डोळ्याला बोलवायचं. बरुबरच हाय की! डोळा आधीच काढला तर मान कशाचा करतेन?" म्हणजे बाईसाहेबांना वाटलं की डोळा नसणं ही कला आहे, आणि याला वाटलं की डोळा नसणं हे आमंत्रण आहे. दोघंही खूश. तो घरी गेला, सदरा इस्त्रीला दिला आणि बोलावण्याची वाट बघत बसला.

रंगाच्या ठेकेदाराच्या पोरांनी फोटो बघून हत्ती चढवला. काम सफाईदार केलं, खोटं कशाला बोलू. चार मजली हत्ती. पाय टाकीच्या खांबांवर, झूल आणि डोकं वरच्या गोल पोटावर. सोंड अशी वळलेली की आमच्या पत्र्यांवर आता पाणी सोडेल. उद्घाटनाला पाहुणे आले, फुगे सोडले, खाली स्टीलची पाटी लावली. पाटीवर काकासाहेबांचं नाव, सल्लागाराचं नाव, ठेकेदाराचं नाव, रंग देणाऱ्या कंपनीचं नाव. शेवटी, 'स्थानिक लोककलेवर आधारित'. लोककला म्हणजे जणू झाडाला लागते, हवी त्यानं तोडून न्यावी.

मुख्तारभाई उद्घाटनाला नव्हता. त्याच्या मोबाइलवर निमंत्रणाची पत्रिका आली होती म्हणे. ती त्यानं उघडलीच नाही. "मोबाइलवर लाइटबिल येतं," तो म्हणाला. "बोलावणं दारात येतं."

मग सुरू झाला तमाशा. फुलंब्रीहून रोज शहरात येणाऱ्या एसटीत उद्घाटनाच्या दुसऱ्या सकाळी म्हणे ड्रायव्हरनं स्वतःहून गाडी हळू केली. सगळी गाडी खिडकीशी. एक म्हातारा ओरडला, "आरं, आंधळा हाय! एवढ्या मोठ्या शहराचा मान राह्यला की रं!" गाडीभर हशा. वाळूजच्या कंपनीत पाळीला जाणारी आमच्याकडची पोरं जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना फोटो दाखवायला लागली, "आपलं औरंगाबाद, आंधळ्या हत्तीवालं." आणि शहरातली शिकलेली माणसं? ती टाकीखाली येऊन फोटो काढायला लागली. एका पेपरात लेख आला की हा हत्ती बाहेर नव्हे, आपल्या आत बघतो. मी तो लेख आशाबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आत बघून काय करतो? आत ठणठणाट हाय."

हसण्यासारखं होतं तोवर मीही हसले. पुढच्या आठवड्यात पाण्याच्या मोर्च्याचं कापड रंगवून घ्यायला मी मुख्तारभाईकडं गेले. ओसरीत पिशोरचा पुंजाराम नावाचा शेतकरी बसला होता. त्याच्या मुलीचं, तनुजाचं, लग्न ठरलं होतं.

"भाई, हत्ती टाकीवाला काढा," पुंजाराम म्हणाला. "आमचं पोरगं म्हनतं, आता तीच फ्याशन हाय."

"टाकीवाला म्हंजी?"

"बिनडोळ्याचा."

मुख्तारभाईच्या हातातला ब्रश थांबला. "अन् मान?"

पुंजारामनं हात पसरले. माणूस कपटी नव्हता, हिशेबी होता. "आता बघा, डोळाच नाय काढायचा तर मान कशाचा? टाकीवाल्यांनी कुठं दिला? अन् तुमी बी कुठं काय बोललात?"

इतकी वर्षं मुख्तारभाई आमच्या मोर्च्यांची कापडं रंगवतोय, कधी एक अक्षर चुकलेलं नाही. पुंजाराम गेल्यावरही तो कापडाकडं बघत बसला. मोर्च्याच्या कापडावर त्यानं 'पाणी'तला 'णी' उलटा काढून ठेवला होता, तो त्याला दिसला नाही.

आतून अमिना म्हणाली, "अच्छा हुआ. अब और पेटी नै लगती."

एरवी तो तिच्यावर खेकसला असता. त्या दिवशी नुसता म्हणाला, "ताई, हा पह्यला. उद्या दुसरा यील. हे लगीनसराईत पसरलं तर मी संपलो. रंग कुणी बी मारतंय. मान माझ्या हत्तीलाच व्हता." आणि मग, जरा वेळानं, "तो डोळा उघडला पायजे. मपल्या हातानं. पुंजारामच्या हळदीच्या आत."

आम्ही समितीच्या हापिसात गेलो. काकासाहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि अर्धेच राहिले. "या, या पेंटर! नशीब काढलंत की. अख्खं संभाजीनगर तुमचा हत्ती बघतंय."

"हत्तीला बी बघू द्या की साहेब," मुख्तारभाई म्हणाला. "आंधळा हाय तो."

संस्कृती बाजूलाच होती. "काका, तो आंधळा नाही. तो अंतर्मुख आहे."

"म्याडम, अंतर्मुख हत्ती मांडवात शिरला तर काय व्हईल?"

काकासाहेब हसले. मग त्यांनी रीत नीट ऐकून घेतली, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी गावाकडचेच ते. एसटीतला हशा नेमका कशावर होता हे त्यांना तेव्हा कळलं. घाईघाईनं म्हणाले, "अहो मग एवढंच ना? शाल देतो, श्रीफळ देतो, सन्मानपत्र देतो."

"शाल नको. टॉवेल-टोपी. चार माणसांत. भिंतीच्या मालकाच्या हातानं."

"देतो की! शिपाई, अरे एक टोपी आण रे."

आता मला राहवेना. मी म्हटलं, "म्हणजे टाकीचे मालक तुम्ही, असं धरायचं का काकासाहेब? बरं झालं. इतके दिवस आम्ही मालकच शोधतोय. पाणी कधी सोडताय?"

शिपाई दारात थांबला. काकासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ताई, तुम्ही मुद्दा भलतीकडं नेताय. टाकी आमची नाही. आमच्याकडं फक्त पृष्ठभाग आहे."

"काय हाय?" मुख्तारभाईनं विचारलं.

"पृष्ठभाग. म्हणजे टाकीचं बाहेरचं अंग. आतलं पाणीखात्याकडं."

पाणीखात्याला तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, टाकी अजून ताब्यात मिळालेली नाही. बांधकामाच्या ठेकेदाराला लावला. तो म्हणाला, केव्हाच देऊन मोकळा झालो. एवढी मोठी टाकी, पण कुणाच्या पदरात पडेना. मालक व्हायचं तर पाण्याचं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि एका टोपीपायी कोण एवढी जबाबदारी घेतो? काकासाहेब शेवटी म्हणाले, "आपण यावर एक बैठक लावू."

बाहेर पडल्यावर मुख्तारभाई माझ्यावरच घसरला. "तुमी मधी बोल्लात ताई. टोपी आली व्हती दारापस्तोर!"

"खोट्या मालकाची टोपी घेतली असती का?"

"मालक खोटा असंल. टोपी तर खरी व्हती ना?"

मीही काही गप्प बसणारी नाही. समितीच्या दारापासून आमच्या टेकडीपर्यंत आम्ही त्याच्या लुनावर भांडत आलो. सिग्नलला बाजूचा रिक्षावाला म्हणाला, "चाचा, घरच्या भानगडी घरी." त्यालाही दोघांनी मिळून झापलं.

वस्तीत टँकर येणार होता, म्हणून बाया पिंपं घेऊन टाकीच्या सावलीत बसल्या होत्या. त्या टाकीचा आम्हाला मिळालेला एकमेव फायदा म्हणजे ती सावली. आशाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचला.

"मालक पायजे ना? मी देते टोपी."

मुख्तारभाईनं मान हलवली. "तसं चालत नसतं बाई. मालकाच्या हातानंच लागती."

"मालक म्हंजी काय रं भाऊ?" आशाबाई उभी राहिली. "ही टाकी उद्या पडली तर कुणावर पडंल? त्या काकासाहेबावर? ही गळाली तर कुणाच्या घरात शिरंल? नाय गळाली, भरलीच नाय, तर हंडे घेऊन कोण हिंडंल? आमीच ना? मंग मालक कोण, सांग बरं तूच."

 पण मुख्तारभाईची अकड एवढ्या सहज उतरणारी नव्हती. "बायामाणसाच्या हातची टोपी उस्तादानं सुदीक घेतली नाय कधी."

"उस्तादाला म्हनावं, तुमच्या येळेला टाक्या भरत होत्या."

बाया खो खो हसल्या. मुख्तारभाईनं एकदा वर हत्तीकडं पाहिलं, एकदा रस्त्याकडं, जिथून फुलंब्रीची गाडी नुकतीच हळू होऊन पुढं गेली होती. आणि म्हणाला, "टोपी नवी पायजे. वापरलेली चालणार नाय." म्हणजे कबूल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाबाईनं टोपी, टॉवेल, नारळ आणला. चार माणसं म्हणता म्हणता सगळी वस्ती गोळा झाली. अमिनाही आली होती. ती माझ्या कानात म्हणाली, "देखो, शेहरा बांदे दुल्हे सरका खडा है." आशाबाईनं टॉवेल खांद्यावर टाकला, टोपी ठेवली, आणि कुणीतरी पिंप बडवून वाजंत्री केली.

टाकीच्या जिन्याला कुलूपच नव्हतं. ज्या टाकीत पाणी नाही तिला कुलूप कोण घालतो? वरच्या पोटाभोवती फिरायला कठड्याची चिंचोळी गॅलरी आहे, आणि हत्तीचं डोकं बरोबर तिथंच येतं. मुख्तारभाई गुडघे धरत धरत वर गेला. आता गंमत अशी, की एवढ्या मोठ्या हत्तीला नाक लावून उभं राहिलं की हत्ती दिसतच नाही, नुसती राखाडी भिंत दिसते. आम्ही खालून ओरडत होतो.

"भाई, जरा खाली!"

"अजून डावीकडं!"

"लई वर चाललाय डोळा!"

वरून आवाज आला, "मला शिकवू नका! लग्नं रंगवण्यात जल्म गेला मपला!"

नाही ऐकलं. डोळा पातेल्याएवढा यायला हवा होता, तो परातीएवढा झाला, आणि वीतभर वर चढला. उतरून त्यानं वळून पाहिलं तेव्हा हत्ती असा दिसत होता, की जणू कुणीतरी त्याच्या कानात समितीचा खर्च सांगितलाय.  मुख्तारभाईनं हात पुसले. "असाच काढायचा व्हता," तो म्हणाला. "शहरातला हत्ती हाय. डोळे ताणूनच बघावं लागतं." आणि कुणाची हसायची हिंमत झाली नाही. अमिनाची सोडून.

दुपारपर्यंत समितीला कळलं. संध्याकाळी अमिनाचा फोन आला. "ताई, जल्दी जाओ. ये चौकी में गये."

मी धावत पोलीस चौकी गाठली. मला वाटलं धरून नेलं. बघते तर हा हवालदाराच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसलेला आणि हवालदारच घामाघूम. झालं होतं असं, की समितीतून फोन आला होता, अज्ञात इसमानं टाकी विद्रूप केली. आमच्या वस्तीतल्या कुणीतरी हे याला कळवलं. विद्रूप म्हटल्याचं त्याला एवढं लागलं नव्हतं.

"अज्ञात?" तो टेबलावर हात आपटत होता. "फुलंब्रीपसून पिशोरपस्तोर कुत्रं बी वळखतं मला! अज्ञात कोण? तिथं पाटीवर नाव नाय, इथं गुन्ह्यात बी नाव नाय? लिहा, मुख्तार पेंटर!"

हवालदार वडोद बाजारकडचा. त्याच्या बहिणीच्या लग्नाची भिंत मुख्तारभाईनंच रंगवलेली. "चाचा, हात जोडतो, घरी जा. तुमच्या भल्याचं सांगतो."

"भलं राहू द्या. नाव लिहा."

शेवटी वैतागून हवालदारानं काकासाहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "साहेब, फिर्याद द्यायला या. आरोपी स्वतः बसलाय समोर. फक्त एक, मालमत्ता कुणाची लिहू? मालक कोण?"

 पलीकडून आधी खोकला. मग काकासाहेब म्हणाले, "तसं बघितलं तर... कलावंताचंच काम आहे... आपण समजुतीनं घेऊ." फोन बंद.

मी हसून हसून बाकावर बसले. मुख्तारभाई मात्र पेटलेला. "म्हंजी गुन्हा नाय?"

"चाचा, मालकाबिगर गुन्हा कसा लिहू?"

"अन् मालकाबिगर हत्ती कसा काढला तुमच्या शहरानं?"

हवालदारानं डोक्याला हात लावला. आख्ख्या चौकीत स्वतःवरच गुन्हा दाखल व्हावा म्हणून भांडणारा तो एकच माणूस होता, आणि त्याला रिकाम्या हातानं घरी पाठवायला मला घटकाभर वेळ लागला. पाटीवर त्याचं नाव आजही नाही. डोळा मात्र आहे, आणि तो पुसायला कुणी आलं नाही. पुसायचं तर आधी मालक व्हावं लागतं.

पुंजारामच्या घरच्या हळदीचं बोलावणं होतं, म्हणून मी मुख्तारभाईबरोबर पिशोरला गेले; काळ्या रंगाचा डबा त्यानं पिशवीत घेतलाच होता. भिंत त्यानं आधीच रंगवून ठेवलेली, उजवा हत्ती बिनडोळ्याचा, पुंजारामनं मागितला तसा. आम्ही लुनावरून उतरलो तर पुंजाराम दारातच उभा, हातात टॉवेल आणि टोपी, मागं त्याचा पोरगा खाली मान घालून.

"भाई," पुंजाराम म्हणाला, "काल शहरात गेल्तो बस्त्याला. पाह्यलं टाकीवर." मग घसा खाकरून, "आंधळा नको. व्याही लई बोलणारे हायेत."

"चार माणसं कुठंयत?" मुख्तारभाईनं विचारलं.

पुंजाराम पळाला. चुलत्याला उठवलं, मेव्हण्याला आणलं, पलीकडच्या घरातला मास्तर अर्ध्या दाढीनं आला. तोवर मुख्तारभाई उन्हात उभा राहून डाव्या हत्तीची झूल न्याहाळत होता, जणू ती कुणा दुसऱ्याच थोर माणसानं काढली होती.

पुंजारामनं चारचौघांत टोपी ठेवली. घाईत ती वाकडी बसली. मुख्तारभाईनं स्वतःचा हात वर नेला नाही. तसाच उभा राहिला, पुंजारामनं ती सरळ करेपर्यंत.